कळपातला तो एक वेगळा

मागच्या अंकात भलत्याच किनाऱ्यावर येऊन उतरलेल्या स्थलांतरी पक्ष्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे. अशा पाहुण्याला पक्षिनिरीक्षक ‘व्हेग्रंट’ म्हणतात. मी ‘भरकटलेला’ म्हणेन. ‘चुकलेला’ हा शब्द मला घाईचा वाटतो. का, ते पुढे येईलच.

प्रश्न : ताई, ओहोटीच्या वेळी छोट्या टिलव्यांच्या थव्यात एक पक्षी दिसला. त्यांच्या दीडपट मोठा, पाय पिवळट, छातीवर दाट रेघा आणि त्या पोटापाशी पट्टी ठेवून कापल्यासारख्या संपलेल्या. पुस्तकातल्या नकाशात तो आमच्या खंडातच नाही. मी चुकलो की पुस्तक?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘पट्टी ठेवून कापल्यासारख्या’ असं तुम्ही लिहिलंत, तीच पेक्टोरल सँडपायपरची सगळ्यात भरवशाची खूण. पाय जुळतात, आकारही जुळतो. तुमच्या नजरेवर माझा विश्वास आहे. आणि नकाशाचं म्हणाल तर एका जातीचे बहुतेक पक्षी कुठे असतात एवढंच तो सांगतो. त्यातला एकेक पक्षी कुठे आहे हे सांगायचं काम त्याचं नाही.

हा पक्षी उत्तर अमेरिकेच्या आणि सायबेरियाच्या टुंड्रात वीण करतो. हिवाळा काढायला बहुतेक सगळे दक्षिण अमेरिकेत जातात, थोडे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडे उतरतात. म्हणजे सायबेरियात अंड्यातून निघालेल्या पिल्लालाही बहुधा बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून अख्खी अमेरिका उतरायची असते. एवढ्या लांबच्या वाटेवर सुरुवातीला कोन जरासा बदलला तरी मुक्काम हजारो किलोमीटरनं हलतो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अमेरिकेच्या बाजूनं येणाऱ्या भरकटलेल्या किनारपक्ष्यांत सर्वाधिक वेळा दिसतो तो हाच. शिवाय नर जात्याच फिरस्ते. अलास्कात ट्रान्समीटर लावून सोडलेल्या नरांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. एकाच विणीच्या हंगामात त्यांनी २४ पर्यंत ठिकाणं पालथी घातली होती. इथे मादी मिळाली नाही तर पुढच्या टुंड्रात, तिथे नाही तर आणखी पुढे.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात नाही आणि मला सगळ्यात आधी तीच हवी असते. ती म्हणजे पक्ष्याचं वय.

किनारपक्ष्याचं वय त्याच्या पाठीवर वाचता येतं. रिंगिंगच्या, म्हणजे पक्ष्यांच्या पायात खुणेचं वळं घालण्याच्या, रात्री जाळ्यातून सोडवलेला पक्षी मी दिव्याखाली धरते तेव्हा त्याची जात बघण्याआधी मी ही पिसं बघते. त्याच उन्हाळ्यात जन्मलेल्या पिल्लाची सगळी पिसं एकाच वेळी उगवलेली असतात, त्यामुळे सगळी सारखीच कोरी. प्रत्येक पिसाला तांबूस-पांढरी बारीक किनार, एकाखाली एक, खवल्यांसारखी ओळीनं लागलेली. पेक्टोरलच्या पिल्लात तर या किनारी जुळून पाठीवर पांढऱ्या रेघांचा इंग्रजी ‘व्ही’ उमटतो. त्याच दिवसांत प्रौढ पक्षी हातात आला तर पिसांच्या कडा झिजून दातेरी झालेल्या, रंग विटलेला, मधेच एखादं नवं करडं पीस, शेजारी जुनं. एकदा फरक कळला की स्कोपमधून, म्हणजे तिवईवरच्या दुर्बिणीतून, शंभर पावलांवरूनही ओळखता येतो.

तुमच्याकडे धूसर का होईना फोटो असेल तर पाठ मोठी करून बघा. किनारी कशा आहेत ते मला कळवा. हे मी का विचारते, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : पक्षी हजारो वर्षं तोच प्रवास करत आलेत म्हणता, मग वाट चुकते कशी? मोबाईल टॉवरमुळे असं होतं हे खरं का? (हा प्रश्न सहा जणांनी विचारला आहे.)

प्रवास हजारो वर्षांचा, पण तो करणारं पिल्लू पहिल्यांदाच निघालेलं असतं. पेक्टोरलसारख्या काही सँडपायपर जातींत नर आधी निघून जातात, मग माद्या, आणि पिल्लं त्यानंतर काही आठवड्यांनी. वाट दाखवायला कुणीही मोठं मागे उरलेलं नसतं. त्यांच्याजवळ असतो तो जन्मजात निरोप : अमुक दिशेला, साधारण इतके दिवस.

हा निरोप किती आंधळेपणानं पाळला जातो ते पर्डेक या डच शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. त्यांचा प्रयोग १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षी किनाऱ्यावरचे नव्हते, मैनेच्या कुळातले स्टार्लिंग होते. हॉलंडमधल्या द हेगच्या परिसरात पकडलेले सुमारे ११,००० स्टार्लिंग विमानानं स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. प्रौढ पक्ष्यांनी दिशा सुधारली आणि ते नेहमीच्या हिवाळी जागांकडे वळले. पिल्लं मात्र हॉलंडहून ज्या दिशेला निघाली असती त्याच दिशेला उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स-स्पेनमध्ये जाऊन पोहोचली. दिशा बरोबरच होती, फक्त सुरुवातीची जागा आपल्या पायाखालून हलली आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

म्हणून मी वय विचारते. शरदात भरकटून आलेलं पिल्लू असेल तर संशय आधी त्या निरोपावर जातो. एखाद्यात तो आरशातल्यासारखा उलटा आलेला असू शकतो, एखाद्यात कोन थोडा सरकलेला. पक्षी प्रौढ असेल, एकदा जाऊन आलेला असेल, तर मी आधी हवामानाचे नकाशे काढते.

वाऱ्याचं सगळ्यात मोठं उदाहरण डिसेंबर १९२७ चं. उत्तर इंग्लंडमध्ये कडाक्याची थंडी पडली, जमीन गोठली, आणि टिटवीच्या कुळातले नॉर्दर्न लॅपविंग अन्न शोधत पश्चिमेला आयर्लंडकडे निघाले. कडाक्याच्या थंडीत ते दरवेळी हेच करतात. त्या वेळी पूर्वेचा वारा इतका जोराचा होता की आयर्लंड मागे पडलं आणि खाली उरला नुसता अटलांटिक महासागर. कॅनडाच्या बाजूला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर थवेच्या थवे उतरले, दमलेले, उपाशी. त्यातल्या एकाच्या पायात वळं सापडलं. ते मे १९२६ मध्ये इंग्लंडमधल्या अल्सवॉटर सरोवराच्या परिसरात घातलेलं होतं. म्हणजे पक्षी दीड वर्षाहून मोठा, निदान एक हिवाळा काढलेला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळ गेल्यावर हेच लॅपविंग अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, नँटुकेट बेटावर, पुन्हा दिसले. या पक्ष्यांच्या होकायंत्रात काहीही बिघाड नव्हता. त्यांना वाऱ्यानं उचलून नेलं.

आता टॉवर. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठात रॉबिन पक्षी लाकडी खोल्यांत ठेवले तेव्हा त्यांना दिशाच सापडेना. खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीला जोडले, म्हणजे अर्थिंग केलं, तेव्हा पक्षी बरोबर दिशेला तोंड करू लागले. अर्थिंग काढलं की पुन्हा गोंधळ. हे संशोधन २०१४ चं. बिघाड करणाऱ्या लहरी ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झच्या होत्या. विजेवर चालणारी उपकरणं आणि एएम रेडिओ यांचा हा पट्टा. मोबाईल चालतो तो याच्या कितीतरी वर, शेकडो मेगाहर्ट्झच्या पुढे. त्यामुळे भरकटलेल्या पक्ष्याचं खापर टॉवरवर फोडू नका. चुंबकीय होकायंत्रात अडथळा येऊ शकतो हे मात्र खरं. उत्तर अमेरिकेतल्या जमिनीवरच्या १५२ जातींच्या वीस लाखांहून अधिक पक्ष्यांच्या, १९६० ते २०१९ मधल्या नोंदी तपासल्या तेव्हा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र खवळलेलं असताना जास्त पक्षी भरकटलेले आढळले.

आणि कधी कधी पक्षी भरकटलेला नसतोच, आपलाच नकाशा अपुरा असतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडमधल्या फेटलार बेटावर वीण करणारे रेड-नेक्ड फॅलॅरोप हे छोटे किनारपक्षी स्कँडिनेव्हियातल्या भाऊबंदांबरोबर अरबी समुद्राकडे जात असतील असा समज होता. २०१२ मध्ये काही पक्ष्यांच्या पायांवर जिओलोकेटर, म्हणजे प्रवासाची वाट नोंदवणारी इवली यंत्रं, बसवले. जो परत सापडला तो अटलांटिक ओलांडून, आइसलंड, ग्रीनलंड, अमेरिकेचा पूर्व किनारा, कॅरिबियन असा उतरत थेट प्रशांत महासागरात, इक्वाडोर आणि गालापागोसच्या मधल्या पाण्यात, हिवाळा काढून आला होता. मूठभर वजनाचा पक्षी, आणि जाऊन-येऊन सुमारे २५,००० किलोमीटर! वाटेत कॅरिबियनमध्ये तो कुणाला दिसला असता तर मीही ‘भरकटलेला’ म्हणूनच लिहून घेतला असता. ‘चुकलेला’ म्हणायला मी कचरते ती या फॅलॅरोपमुळे.

प्रश्न : आमच्या गटात वाद झालाय. एका ज्येष्ठ निरीक्षकांनी अमेरिकन सोनचिखल्या पाहिल्याचं लिहिलं. फोटो नाही. तरुण मंडळी म्हणतात, फोटो नाही तर नोंद नाही.

मी ज्येष्ठांची बाजू लगेच घेणार नाही, तरुणांचीही नाही. आधी त्यांची वही मागा. जागेवर, पक्षी समोर असताना लिहिलेलं पान.

मी स्वतः एकदा एका सोनचिखल्याला अमेरिकन ठरवलं होतं. करडा रंग, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. फोटोही होता, चांगला होता. वर्षभरानं तोच फोटो मोठा करून बघताना मी पंखाचं टोक मोजलं. बसलेल्या पक्ष्याच्या पाठीवरून मागे येणारी लांब पिसं जिथे संपतात, तिथून पुढे उड्डाणपिसांची किती टोकं डोकावतात ते बघायचं असतं. अमेरिकनमध्ये चार-पाच, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या पॅसिफिक सोनचिखल्यात दोन-तीन. माझ्या फोटोत तीन होती. ती नोंद मी मागे घेतली, आणि ज्यांनी माझ्या शब्दावर पक्षी आपल्या यादीत घातला होता त्या प्रत्येकाला पत्र लिहिलं. फोटो होता, पण मी बघायचं ते बघितलं नव्हतं. तुमच्या ज्येष्ठांनी ‘टोकं पाच, पंख शेपटीच्या बरेच पुढे, उडताना काखेत करडा रंग’ असं त्याच वेळी लिहिलं असेल तर ते पान माझ्या त्या फोटोपेक्षा वजनदार आहे. (काख पांढरी असेल तर युरोपियन सोनचिखल्या.) नुसतं ‘अमेरिकन, नक्की’ एवढंच लिहिलं असेल तर ती नोंद बाजूला ठेवावी लागेल, माणूस कितीही मोठा असला तरी.

पक्षी प्रत्यक्ष हातात असूनही फसगत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या परिसरातून दुर्मिळ पक्ष्यांचे नमुने रांगेनं येत राहिले, मारलेले, पेंढा भरलेले. अखेर १९६२ मध्ये आकडेवारी तपासून त्या नोंदी संशयास्पद ठरवल्या आणि कित्येक जाती ब्रिटनच्या यादीतून वगळल्या. ऑस्ट्रेलियात १९८२ मध्ये कॉक्सेस सँडपायपर नावाची नवी जात जाहीर झाली होती. १९९६ मध्ये डीएनए तपासल्यावर निघालं, ती पेक्टोरल आणि कर्ल्यू सँडपायपर यांची संकरित संतती. या कॉक्सेसच्या बाबतीत लबाडी कुणाचीच नव्हती. नमुने खरे होते, निरीक्षणही खरं होतं. म्हणून वाद घाला, पण माणसावर नको, पिसांवर घाला.

प्रश्न : दमलेला, एकटा पाणटिवळा किनाऱ्यावर उभा होता. काहींचं म्हणणं, पकडून खायला घालावं आणि गाडीनं त्याच्या नेहमीच्या जागी नेऊन सोडावं.

नको. कृपा करून नको.

पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याला अंतराचं भय नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्रान्समीटर लावलेलं एक पिल्लू, वय जेमतेम पाच महिने, अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून ११ दिवसांनी टास्मानियात पोहोचलं. खाणं नाही, पाणी नाही. निघण्याआधी हे पक्षी चरबी साठवून फुगतात आणि त्यांची पचनाची इंद्रियं आक्रसतात, तेवढाच भार कमी. उतरल्यावर ती पुन्हा वाढवायची, झिजलेले स्नायू भरून काढायचे, यासाठी त्याला हवा असतो चिखल, चिखलातले किडे आणि निवांतपणा. तुमच्या किनाऱ्यावर पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरी फक्त माणसं देऊ शकतात.

भरतीला एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून उभा असेल तर तो झोपलेला आहे, आजारी नाही. ओहोटी लागली की चरायला उतरेल. ते चार-पाच तास त्याचं सगळं काही असतात. मी एका सकाळी भरकटलेल्या एका पक्ष्याला नऊ वेळा उडवलेलं पाहिलं आहे. प्रत्येकाला आणखी थोडा जवळून फोटो हवा होता. नवव्या वेळी तो पाण्यावरून निघून गेला आणि त्या ओहोटीत परतला नाही. वाईट वाटण्यापेक्षा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्याची मान ताठ झाली, चरणं थांबलं, की तिथेच थांबा आणि दोन पावलं मागे या.

पंख लोंबत असेल किंवा पायात तंगूस गुंतला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला बोलवा. तोवर त्याला अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवा आणि बळेच काही भरवू नका.

प्रश्न : एखादा पक्षी वाट चुकून आला, म्हणून एवढी पानं कशाला? यादीत एक नाव वाढण्यापलीकडे त्याला काय अर्थ?

स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू नावाचा कोरल, म्हणजे लांब, वाकड्या चोचीचा किनारपक्षी, होता. वीण सायबेरियात, हिवाळा भूमध्य समुद्राच्या आसपास. त्याची घरटी नक्की म्हणून फक्त सायबेरियातल्या तारा गावाच्या परिसरात नोंदली गेली, तीही विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात. फेब्रुवारी १९९५ मध्ये मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गा या खाजणात शेवटचा, वादातीत असा पक्षी दिसला. त्यानंतर वर्षानुवर्षं निरीक्षक कोरलांचे थवे एकेक करून तपासत राहिले, कुठे तरी एखादा वेगळा मिसळलेला असेल म्हणून. २०२५ मध्ये ही जात नामशेष जाहीर झाली. मुख्य भूमीवरचा, दोन खंड ओलांडणारा पक्षी आपल्या डोळ्यांदेखत संपला. थव्यातला वेगळा पक्षी ओळखणारी आणि लिहून ठेवणारी माणसं पन्नास वर्षं आधी चार पट असती तर तो कुठे थांबतो, कुठे मारला जातो हे वेळेत कळण्याची आशा तरी होती. माझ्यासाठी अर्थ आहे तो हा.

प्रश्न : मी अकरा वर्षांची आहे. आम्ही बघितलेला पक्षी परत घरी जाईल का? त्याला एकटं वाटत असेल का? सोबत चित्र पाठवते आहे.

तुझ्या दोन्ही प्रश्नांची मी खरी उत्तरं देते.

असे काही पक्षी मरतात. हे तुझ्यापासून लपवत नाही. पण सगळे नाही. किनारपक्ष्यांना थवा आवडतो, आणि आपल्या जातीचा मिळाला नाही तर ते जवळपास दिसणारा धरतात. युरोपात भरकटलेला सोशेबल लॅपविंग बहुतेक वेळा नॉर्दर्न लॅपविंगच्या थव्यातच सापडतो, त्यांच्याबरोबर चरतो, ते उडाले की उडतो.

काहींना नवी जागाच घर होते. ऑस्ट्रेलियातली मास्क्ड लॅपविंग ही टिटवी समुद्र ओलांडून न्यूझीलंडला पोहोचली. १९३२ मध्ये दक्षिणेला इन्व्हरकार्गिलजवळ तिनं पहिल्यांदा घरटं केलं, आणि आज ती देशभर आहे. अटलांटिक महासागरात मधोमध सेंट हेलेना नावाचं बेट आहे, आफ्रिकेपासून जवळजवळ २,००० किलोमीटर दूर. तिथे वायरबर्ड नावाचा लांब पायांचा चिखल्या राहतो, जगात आणखी कुठेच नाही. त्याचे पूर्वज आफ्रिकेतून उडत आलेले चिखल्ये. कधी काळी तेही असेच भरकटून उतरले असणार. आणि कधी जमत नाही. १९७५ मध्ये अमेरिकेच्या स्पॉटेड सँडपायपरची एक जोडी स्कॉटलंडच्या स्काय बेटावर भेटली. एवढ्या मोठ्या समुद्रापलीकडे दोघं एकमेकांना सापडले, चार अंडीही घातली, पण ती सोडून गेले.

तुझं चित्र मी माझ्या टेबलासमोर लावलं आहे. पाठीवरच्या प्रत्येक पिसाला तू पांढरी कड काढली आहेस, एकही सोडलेली नाहीस. मोठ्या माणसांच्या पत्रात मला जे सापडलं नाही ते तू काढून पाठवलंस. म्हणजे तो पक्षी पिल्लू आहे, याच उन्हाळ्यात जन्मलेलं. तुझ्याहून अकरा वर्षांनी लहान, आणि एकटंच इथवर आलेलं. तुझ्याकडे चित्राची दुसरी प्रत असेल तर तिच्या मागे तारीख, वेळ आणि भरती होती की ओहोटी ते लिही. पुढच्या ओहोटीला पुन्हा जा, लांबून बघ, आणि तो कोणत्या पक्ष्यांबरोबर चरतो आहे ते मला कळव.